सहा अक्षरांचं नाव

ऑफिसच्या कॉम्प्युटर-खोलीत, खापरखेडा गावच्या हिशेबाच्या टेपच्या डब्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक माझा, दुसरा नव्या ऑपरेटरचा... मुकुंदचा.

"माझ्या कपाटात काय शोधून राहिले तुम्ही?"

"काही नाही जी... असंच." त्याने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. खांडेनवमीपासून हा माणूस माझ्या कपाटाभोवती घुटमळत होता!

मी टेप मशीनवर चढवली. मशीनने ती नाकारली — ही खापरखेड्याची नव्हे. मशीनला डब्यावरची चिठ्ठी कुठे दिसते? टेपच्या सुरुवातीला सहा इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव तेवढं ते वाचतं.

"शामलाबाई," वामनराव साहेब म्हणाले, "पाचपर्यंत टेप सापडली नाही, तर उद्यापासून तुम्ही टपाल शाखेत." आणि आपल्या खोलीत गेले.

सोमवारचा उपवास. त्या दिवशी कुणाला वाईट बोलायचं नाही, हा माझा नेम. पण डोळ्यांना कुठला नेम?

"काहून पाहून राहिल्या अशा? मी चोर आहो का?"

"ते मशीन सांगेल. या टेपचं नाव विचारते."

त्याचा चेहरा उतरला. "राहू द्या ना जी... मी शोधतो तुमची टेप."

आता तर खात्रीच झाली! मी कळ दाबली. कागदावर खडखडत एकेक अक्षर उमटलं — एस, एच, ए, एम, एल, ए.

शामला.

"शिकाले म्हणून कोरी टेप घेतली होती," तो खाली बघत म्हणाला. "नाव काय द्यावं? तुमचं बरोबर सहात बसलं. मग ती तुमच्या कोऱ्या टेपांतून गायबच झाली..."

टेपच्या कडेला कुंकू लागलं होतं. माझंच! खांडेनवमीला पूजेसाठी दोन टेपा काढल्या, आणि ठेवताना डबे बदलले. 'कोरी' लिहिलेल्या डब्यात खापरखेडा निमूट बसला होता. मशीनने तो लगेच ओळखला.

साहेबांना चूक माझी म्हणून सांगून आले. मुकुंद त्या कागदाची घडी करत होता.

"पुसून टाकतो जी ते नाव. रागावल्या का?"

मी रोज जप मोजते त्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिले... एम, यू, के, यू, एन, डी.

"पुसू नका," मी म्हटलं. "आणि मला एक कोरी टेप द्या. तुमचंही सहातच बसतं."