बाबा एक, शिकणारे तिघे

बाबा सकाळपासून शिकवतोय, मग कुणाचंच काही शिकून का होत नाही? शाल्मलीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

चंद्रावरच्या त्या लहानशा वसाहतीत शाळा नव्हती. मुलंच मुळी तीन, आणि तिघंही एकाच घरातली. शाल्मली बारा वर्षांची, तन्मय आठ वर्षांचा आणि ओवी चार वर्षांची. आई विवरांतल्या बर्फाचा शोध घ्यायला दूरच्या तळावर गेली होती, त्यामुळे शिकवण्याचं काम एकट्या बाबाकडे आलं होतं. वेळापत्रक केलं होतं गुणाने. गुणा म्हणजे वसाहतीचा यंत्रमानव. त्याने बाबाच्या वेळेचे तीन अगदी सारखे भाग पाडले होते.

पण ओवी आपला वेळ संपायच्या आतच कंटाळून टेबलाखाली जाऊन बसे. तन्मय भागाकारात अडकला, की पाळी येईपर्यंत पेन्सिल चावत राही. शाल्मलीची पाळी शेवटची. तोवर बाबाचा घसा बसलेला असे.

एका संध्याकाळी पडद्यावर आई आली. सगळं ऐकून म्हणाली, “शालू, असंच चाललं तर तुला पृथ्वीवरच्या वसतिशाळेत पाठवावं लागेल गं. महिनाअखेरीला यान आहे. तुझं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही मला.”

शाल्मलीला जायचं नव्हतं. शेजारी बसलेल्या ओवीने तिची बाही घट्ट धरली होती.

दुसऱ्या दिवशी ती गुणाबरोबर हवादालनापाशी गेली. (हवादालन म्हणजे बाहेरच्या निर्वात जागेतून आत येताना जिथे थांबून हवा भरून घ्यावी लागते, ती बंद खोली.) अशी तीन दालनं होती, पण हवा भरणारा पंप एकच. बाहेरून तीन गाड्या एकदम आल्या होत्या. गुणाने पहिल्या दालनात हवा भरली. आतली माणसं जाड पोशाख उतरवू लागली, तसा त्याने लगेच पंप दुसऱ्या दालनाकडे वळवला.

“अरे, पहिले लोक अजून बाहेर आले नाहीत!”

“पोशाख उतरवायला पंप लागत नाही,” गुणा म्हणाला. “मग तो रिकामा कशाला ठेवू?”

शाल्मली जागच्या जागी थबकली. “गुणा! आमच्या घरात बाबा म्हणजे पंप आहे!”

“बरोबर. सगळ्यांचं काम ज्या एकाच ठिकाणी अडतं, त्याला अडणबिंदू म्हणतात.”

“मग तू वेळापत्रक असं का नाही केलंस?”

“तुम्ही मला समान वाटण्या करायला सांगितलं होतं. मी केल्या.”

शाल्मलीला हसूही आलं आणि रागही. मग ती कामाला लागली. कुणाला बाबा कधी लागतो आणि बाबाशिवाय कोण किती वेळ रमतं, हे तिने दिवसभर नीट पाहिलं. ओवीला बाबा थोडाच वेळ लागे, पण पुन्हा पुन्हा लागे. तन्मयला सुरुवात करून दिली, की तो बराच वेळ स्वतःचा स्वतः गणितं सोडवी. तिला स्वतःला बाबा फक्त अडल्यावर हवा असे.

नवा क्रम ठरला. आधी ओवीला मातीची अक्षरं करायला बसवायचं. तिचे हात मातीत गुंतले, की बाबा तन्मयला गणित समजावणार. तन्मय सोडवायला लागला, की शाल्मलीच्या शंका. तोवर ओवीची माती संपलेलीच असणार! दुपारी तिघांनी मिळून हरितगृहात जायचं (रोपं वाढवायची बंदिस्त बाग). तिथे टोमॅटोचं रोप एकच, पण ओवी त्याची पानं मोजणार, तन्मय उंची मापणार आणि शाल्मली रोप कोणत्या वेगाने वाढतंय याचा आलेख काढणार.

पहिल्याच दिवशी सगळं कोलमडलं. ओवीने पाणी सांडलं, ते पुसण्यात बाबा अडकला आणि पुढचं सगळंच लांबत गेलं. तन्मय चिडला. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू मधे कुठेही सवड ठेवली नाहीस,” गुणा म्हणाला. “दालनाच्या दारात धूळ अडकते, हे मला ठाऊक असतं. म्हणून दोन दालनांच्या मधे मी थोडा वेळ मोकळा सोडतो.”

“तो वाया नाही जात?”

“धूळ अडकली नाही, तर पंप थंड होतो.”

शाल्मलीने दोन विषय काढून टाकले आणि तिथे मोकळी जागा ठेवली. मग हळूहळू घडी बसली. भांडणं पुरती थांबली नाहीत, पण तन्मयला भागाकार जमला. ओवी आपलं नाव मातीत लिहू लागली. मधल्या सवडीत बाबा चक्क चहा गरम असताना पिऊ लागला.

महिनाअखेरीला आईने पडद्यावर शाल्मलीचा आलेख पाहिला, दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तरं चोख आली. “यानातली जागा रद्द करते,” एवढंच ती म्हणाली. ओवीला त्यातलं फारसं कळलं नाही, पण ताई हसली म्हणून तीही हसली.

“आणखी एक,” आई म्हणाली. “पुढच्या यानाने नवी कुटुंबं येताहेत. त्यांच्याबरोबर मुलंही आहेत.”

“किती?” गुणाने लगेच विचारलं. “म्हणजे वाटण्या...”

“थांब, गुणा,” शाल्मली म्हणाली. “त्यातलं कोण किती वेळ एकटं रमतं, ते आधी बघू या.”