पाचव्या माळेचं कुलूप

घट बसायच्या आदल्या दिवशी रत्नाबाईंनी निकेशला फोन करून सिलिंडर न्यायला बोलावलं. ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघर पोचवणं हे निकेशचं काम. पवनीहून कोंढ्याकडे त्याची गाडी रोजच असायची. घरामागे, तलावाच्या बांधाला, पाळीला लागून मासेमारीची जाळी ठेवायची कोठी होती. तिच्यात तो कमरेएवढा सिलिंडर वर्षभर उभा होता. इतके दिवस रत्नाबाईंनीच तो नेऊ दिला नव्हता.

निकेशने सिलिंडरची चावी फिरवून काट्याकडे पाहिलं.

"काकी, हा तं खाली हाय."

"खाली कसा होईन? मागच्या साली पाचव्या माळेले सकाळी तूच भरून आणला. त्यायनं एक डावही नाई वापरला."

"वॉल्व गळला असन मंग. नाईतं तुमच्या उंदरायले दम लागला असन," तो हसला.

रत्नाबाईंनी खिळ्याला टांगलेला मास्क काढला. आतून ओला होता. तलावातल्या शेवाळाचा वास येत होता.

"दुसरा भरलेला ठेवून जाय."

"कोनासाठी जी?"

"लागते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचे मालक लिलाधर तलावात मासे धरायचे. धिप्पाड माणूस, पण दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास महिना-दीड महिना त्यांची पार दशा व्हायची. सांज झाली, सात वाजले, की डाव्या डोळ्यामागे तापलेली सळई फिरावी तसं दुखणं उठायचं. डोळा लाल, पापणी लोंबलेली, पाण्याची धार. बसवत नसे की निजवत नसे. भिंतीवर डोकं आपटायचे, नाहीतर तलावात उतरून डोकं गार पाण्यात धरायचे. अंगारे झाले, धुपारे झाले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्लस्टर डोकेदुखी. म्हणाले, घरी ऑक्सिजन ठेवा. दुखणं उठल्याबरोबर पंधरा मिनिटं मास्क लावा.

सिलिंडर दारात उतरला तेव्हा जाऊबाई सुलोचना म्हणालीच, "कोरोनात ज्याच्या घरी हे आलं, तो मानूस नाई राहला वो."

पण त्या सांजेला बाराव्याच मिनिटाला लिलाधर मास्कच्या आत हसले. "रत्ना, कोनतरी सळई काढून घेतली बघ."

अट एकच होती. सिलिंडरजवळ दिवा, उदबत्ती, विडी, काही म्हणता काही नको. आणि रत्नाबाईंनी तर त्यांच्याच डोक्यासाठी नवस बोलला होता, नवरात्रात नऊ दिवस अखंड ज्योत ठेवीन म्हणून. घर एका खोलीचं. ज्योत घरात राहिली, सिलिंडर कोठीत गेला. गल्लीतली पोरं येऊन चावी फिरवायची, म्हणून कोठीला कुलूप लागलं. किल्ली रत्नाबाईंच्या पदराला.

मागच्या साली, पाचव्या माळेला, त्या मातेच्या देवळात आरतीला गेल्या. "सातच्या आत येतो जी," असं सांगून गेल्या. आरती लांबली. कमरेला खोचलेला फोन थरथरला. कोणाचा, हे न बघताही कळलं. दोनच कडवी राहिली होती. उभी आरती सोडून निघायचं कसं? फोन पुन्हा थरथरला. त्यांनी डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरून ठेवला.

घरी आल्या तर कोठीची कडी ओढून ओढून वाकलेली. दाराच्या फळीवर, कपाळाच्या उंचीला, रक्त. आणि लिलाधर गुडघाभर पाण्यात पालथे. डोकं गार करायला वाकले होते, ते वाकलेलेच.

फोन आल्याचं रत्नाबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. तेरवीला ते कुलूप तलावात फेकून दिलं. किल्ली मात्र का कोण जाणे, पदरालाच राहिली.

यंदा घट बसले, ज्योत लागली. भरलेला सिलिंडर त्यांनी कोठीत ठेवला, दार सताड उघडं टाकलं. पहिल्याच सांजेला मागून आवाज आला... सुंऽऽऽ... बारीक, एकसारखा. पंधरा मिनिटं, आणि मग शांत. सकाळी काटा खाली उतरलेला, मास्क ओला. दुसऱ्या सांजेला तेच. तिसऱ्या, चौथ्या. रत्नाबाईंना भय वाटलं नाही. उलट ऊर भरून आला. मेल्यावरही त्यांच्या माणसाचं दुखणं सुटलं नव्हतं. पण आता निदान उतारा तरी मिळत होता.

पाचव्या माळेला सुलोचनाने आवाज दिला, "चाल ना वो आरतीले."

"नाई येत मी."

"काहून? बरं नाई का?"

"बरं हाय. घरी काम हाय."

त्यांच्या मनात आलं होतं, माणसाने आपल्याच घरातला उतारा बाहेर अंधारात जाऊन का घ्यावा? आपल्या दिव्यानेच तर त्यांना बाहेर घातलं. त्यांनी सिलिंडर कलता करून, गोल फिरवत, धापा टाकत घरात आणला. लिलाधरांच्या खाटेशी उभा केला. मग घटापुढे डोकं टेकलं. "माते, तू समजून घेशीन," म्हणत फुलाने ज्योत शांत केली. नवस मोडला. मागचं दार उघडून त्या अंधारात बसून राहिल्या.

दूर देवळात आरती सुरू झाली. तलावात पाणी डचमळलं. मग पाळीवरून ओली पावलं... चप... चप... घराकडे नाही वळली. कोठीकडे गेली.

"इकडे जी," रत्नाबाई हळूच म्हणाल्या. "घरात ठेवला... या..."

कडी वाजली. एकदा. मग जोरजोरात. मग फळीवर काहीतरी आपटू लागलं, धप्प... धप्प... कपाळाच्या उंचीला.

"तिथं नाई हो! मीच आणला... इकडे या ना!"

ऐकू जात नव्हतं. त्या बॅटरी घेऊन अनवाणीच धावल्या. पोचल्या तेव्हा आवाज थांबला होता. कोणी नव्हतं. ओली पावलं पाण्यातून दारापर्यंत आलेली. परत गेलेलं एकही नाही.

आणि त्यांनी उघडं टाकलेलं कोठीचं दार बंद होतं. वाकलेल्या कडीत कुलूप होतं. तेच. गंजलेलं, शेवाळ लोंबणारं, पाणी ठिबकणारं. हात लावला तर गरम, कोणीतरी कितीतरी वेळ मुठीत आवळून धरल्यासारखं.

पदरातल्या किल्लीची गाठ सुटेना. त्यांनी ती दातांनी ओढली. देवळातल्या टाळ्या थांबल्या.

दाराच्या आतून, अगदी जवळून, दमलेल्या पण प्रेमाच्या आवाजात कोणीतरी विचारलं,

"झाली का आरती, रत्ना?..."