रेमेदिओसचा फोटो

फोटो दाखवते, पण आधी कॉफी संपवा. मागे एका पाहुण्याला कप हातात असतानाच दाखवला, तर माझ्या नव्या चादरीची वाट लागली.

त्या दुपारी मी हिरव्या केळ्यांचे चीज घातलेले गोळे तळत होते. शोधपथकाची माणसं चिखलाच्या बुटांनिशी अंगणात बसली होती. माझा धाकटा भाऊ लिसांद्रो पाहुण्यांना जंगलातले पक्षी दाखवतो. सोमवारी तो पायवाट साफ करायला एकटाच गेला आणि गुरुवार उजाडला तरी परतला नव्हता. त्याचा रेनकोट नदीकाठी सापडला, म्हणून सगळे नदीच धुंडाळत होते. अग्निशमन दलाचे साहेब भला माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज अंधार पडेपर्यंत बघू, बाई. मग मात्र..." पुढचं त्यांनी घासाबरोबर गिळलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लिसांद्रोच्या नंबरवरून एक फोटो आला होता. शब्द एकही नाही. मी उलट फोन लावला, तर बंद. परत लावला, तरी बंदच.

फोटोत धुकं, नेचे, आणि शेवाळावर एका बाजूला तोंड करून उभा असलेला पक्षी. त्याच्या पायाशी एका पानावर गांडुळांच्या तुकड्यांचा ढीग.

"कोंबडी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"कोंबडीला शेपूट असते, साहेब," तार्किनोमामा म्हणाला. मामाचा जन्म जंगलात गेलेला. "ही ग्रालारिया. अंड्याला पाय फुटल्यासारखी दिसते बघा. मिशीवाली असणार, ती नदीकाठीच राहते. म्हणजे पोरगं नदीवरच आहे."

माणसं उठायला लागली. मी फोटो बोटांनी मोठा केला. ग्रालारिया महा लाजरी. आवाज ऐकू येतो, दर्शन नाही. पण रोज एकाच जागी गांडुळं ठेवून नावाने हाक मारली, तर एखादी माणसाळते. आमच्या डोंगरात हे माझ्या आईइतकं कुणालाच जमलं नाही.

"हिला मिशी कुठंय, मामा?" मी म्हणाले. "गालावर पांढरा पट्टा नाही. छातीवर काळ्या रेघा बघ. डोकं राखाडी. ही मोठी ग्रालारिया, वरच्या दलदलीतली."

मामाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डाव्या डोळ्यावर एकच पांढरं पीस. उजव्या पायाचं मधलं बोट अर्धं तुटलेलं. त्याचा चेहरा उतरला.

"सोइला... ही तर..."

"हो. पण गप्प बस."

ती आईची रेमेदिओस होती. आईखेरीज कुणाच्याही हाकेला तिने कधी भीक घातली नाही. आई गेली त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघराच्या पायरीवर मरून पडलेली सापडली. परसातल्या पेरूखाली मीच तिला पुरलं होतं. त्याला वर्ष होत आलं होतं.

पक्षी वरच्या दलदलीतला आहे, एवढंच मी साहेबांना सांगितलं.

"जुना फोटो असेल," ते म्हणाले. "भिजलेला फोन काहीही पाठवतो. माणसं वर नेली आणि तो खाली असला तर?"

भाऊ मला एकच, आणि माझा विश्वास बसला होता तो मेलेल्या पाखरावर. हे बोलून दाखवलं असतं तर मलाच दवाखान्यात नेलं असतं. "तुम्ही नदी बघा, आम्ही वर जातो," मी म्हणाले आणि मामाला ओढत निघाले.

वर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या मामाची फक्त टोपी दिसत होती. ओल्या शेवाळाचा वास, पानांवरून ठिबकणारं पाणी, बाकी सगळं चिडीचूप. मग मध्येच गवती चहाचा वास आला. जंगलात गवती चहा उगवत नाही. आईच्या हातांना मात्र तो कायम यायचा.

पुढे पाचोळ्यात काहीतरी टुणकन उडालं. थांबलं. पुन्हा उडालं.

मी आईसारखी हाक मारली, "ये गं, रेमेदिओस... ये, बाय..."

"नको बोलावूस," मामा कुजबुजला. "आली तर?"

समोरून, धुक्यातून, हलकेच आवाज आला, "ये गं... ये..."

माझाच आवाज परतला असेल, असं मला वाटलं. पण तो परत आला, थोडा पुढून. मग आणखी पुढून. ती हाक पाखरासाठी नव्हती. कुणीतरी आम्हाला बोलावत होतं.

मी हाकेमागे गेले. लहान पोराने आईचा पदर धरावा तसा मामा माझ्या शालीचं टोक धरून मागे आला. हाक थांबली तिथे एक झाड मुळांसकट उन्मळलं होतं, आणि खालच्या खड्ड्यात लिसांद्रो पडला होता. पाय मोडलेला, ओठ निळे, पण डोळे उघडे.

"किती वेळ, ताई," तो पुटपुटला. "आई केव्हाची हाका मारतेय तुला..."

मी तिथेच बसून मोठ्याने रडले.

मामाने खड्ड्यातल्या डबक्यातून त्याचा फोन काढला. त्यातून चिखल गळत होता. "सोमवारी पडलो तेव्हाच बुडाला तो," लिसांद्रो म्हणाला. "कसला फोटो?"

रेनकोट तो जाताना नदीकाठी विसरला होता, एवढंच. आता तो लंगडत का होईना, पुन्हा पाहुण्यांना घेऊन जंगलात जातो. माझ्या केळ्याच्या गोळ्यांना नावं ठेवण्याइतका ठणठणीत आहे. मी रोज देवाचे आणि आईचे आभार मानते.

संपली कॉफी? मग बघा. तेव्हा या फोटोत पानावर ढीग होता. लिसांद्रो दवाखान्यातून आला तेव्हा निम्मा उरला होता. काल पाहिलं तर पान रिकामं होतं, आणि रेमेदिओस मान वळवून सरळ माझ्याकडे बघत होती. आणखी हवं असलं की ती आईकडे अशीच बघायची.

तिला उपाशी ठेवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. सकाळी गांडुळं काढणार आहे. जाड, चांगली गांडुळं परसात एकाच जागी मिळतात, पेरूखाली. फावडं दाराशी काढून ठेवलंय, पण तिथे खणताना कुणीतरी सोबत असलं तर बरं. तुम्ही लवकर उठता ना?