शू! पिक्चर चालू आहे

"गप्प बसा हो जरा!"

भर थिएटरात, अंधारात उभं राहून असं ओरडायचं तिच्या मनात मुळीच नव्हतं. पण डोकंच असं फिरलं होतं... आणि घरी तिला ठिणगी म्हणायचे ते काही उगाच नाही.

आता तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? त्या छोट्याशा जुन्या थिएटरात दर शनिवारी दुपारी विलायती सिनेमे लागतात, भुताखेतांचे आणि मारामारीचे, अगदी स्वस्तात उरकलेले, असं कळल्यावर ती कामावरून धावतपळत आली होती. या सिनेमांवर तिचा जीव. धुक्यात बुडालेलं इंग्लंडातलं खेडं, टेकलं की हलणारी किल्ल्याची भिंत, त्याच कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा वळणारी तीच काळी गाडी, आणि दारात भूत उभं असताना आधी चहा ओतून घेणारा हवालदार! लहानपणी ती आणि बाबा एका पांघरुणात शिरून टीव्हीवर हेच बघायचे. आता बाबा नव्हते.

आणि इथे बघावं तर काय? पहिल्या रांगेत एक उंच माणूस माईक घेऊन बसलेला, आणि प्रत्येक प्रसंगावर याची टिप्पणी! धूर आला की हा खोकणार, की सगळं थिएटर खोकणार. भिंत हलली की हा "सांभाळून!" म्हणणार, की सगळे खिदळणार. अर्धा तास तिनं दातओठ खाऊन सहन केलं. मग ती उठलीच.

मध्यंतरात तो आपणहून समोर आला.

"रागावलात?"

"तुम्ही पिक्चर बघायला येता की स्वतःचा आवाज ऐकायला?"

"दोन्ही. एकाच तिकिटात भागतं."

"लाज नाही वाटत? कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन उभी केलेली भिंत आहे ती. हलली तर हलली!"

"हलली कुठे? नायिका एवढी सुंदर... भिंतीनं मान डोलावली."

तिला हसू फुटणार होतं. म्हणून ती आणखीच भडकली.

"अगं, जाऊ दे," तिकीट खिडकीतल्या मावशी म्हणाल्या. "ड्रायव्हिंग मास्तर आहे तो. आठवडाभर शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून गप्प बसतो. शनिवारी तोंड मोकळं सोडतो बिचारा."

"मग आमच्या डोक्यावर कशाला?"

तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या पोस्टरवर गेली. पुढच्या शनिवारी तोच सिनेमा होता, रक्त पिणाऱ्या, उन्हाला भिणाऱ्या टकल्या सरदाराचा! बाबांचा लाडका. कितीक वर्षं ती तो शोधत होती. त्याचा शेवट तिनं कधी पाहिलाच नव्हता, कारण ऐन शेवटी बाबा तिच्या डोळ्यांवर हात ठेवायचे. भीती वाटेल म्हणायचे.

"पुढच्या शनिवारी..." ती वळली, "तुम्ही अवाक्षरही काढायचं नाही. काढलंत तर माईक कायमचा खाली."

"बरं. आणि तुम्ही बोललात तर?"

"मी? मी कशाला बोलू?"

"धरून चाला."

"तर मी पुन्हा या थिएटरात पाऊल टाकणार नाही!"

रागाच्या भरात बोलून गेली, आणि घरी पोहोचेपर्यंत पस्तावली. पण आता शब्द मागे कसा घ्यायचा?

आठवडाभर लॅबमध्ये ती कवळ्या घासत होती. दातांच्या कवळ्या करणं हे तिचं काम. हात कामात आणि मन त्या मास्तराला झापण्यात. इतकं झापलं, इतकं झापलं, की त्याचा चेहरा पाठ झाला. हनुवटीवरची खळीसुद्धा. याचाही तिला रागच आला!

शनिवारी ती मुद्दाम त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पहारा द्यायला, दुसरं काय?

सिनेमा सुरू झाला. थिएटर चुळबुळत होतं, मास्तर बोलतील म्हणून वाट बघत होतं. मास्तर गप्प. आणि मग तिच्या लक्षात आलं... कब्रस्तानाचं फाटक करकरलं, तसा त्याचा उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला गेला. दिवा विझला, पुन्हा पाय. काळी गाडी कोपऱ्यावर वळली, पाय तर जमिनीत रुतायचाच बाकी!

हा ब्रेक मारत होता.

तिनं त्याच्या बुटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो छताकडे बघत होता, पण कान लालबुंद. म्हणजे... म्हणजे हा घाबरतो! एवढा बडबडतो तो भीतीपायी! तिला हसावं की चिडावं कळेना. बोलायची तर दोघांनाही बंदी.

तळघराचं दार उघडलं आणि त्यानं खुर्चीचा हात घट्ट पकडला. त्या हातावर आधीपासून तिचा हात होता. तिनं तो काढून घ्यायला हवा होता... नाही घेतला.

आणि पडद्यावर टकल्या सरदारानं आ वासला. सुळे चकाकले. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता—

"अरे, कुणी बसवली ही कवळी? वरची खाली घातलीये!"

क्षणभर तिला वाटलं, दुसरंच कुणी ओरडलं. पण नाही, तीच उभी होती, पडद्याकडे बोट रोखून! सगळं थिएटर हसून लोळायला लागलं. हलत्या भिंतीसाठी भांडलेली ती, आणि दात दिसल्यावर स्वतःच...

ती तडक बाहेर निघाली. दाराशी पोहोचेपर्यंत डोळे भरून आले. तो मागोमाग धावत आला.

"अहो, थांबा! शेवट राहिला."

"मी हरले. जाते. माझीच जीभ मेली..." ती फुरफुरली. "बाबांच्या सिनेमाचा शेवट बघायचा होता मला. एवढंच हवं होतं. आणि मीच घालवला!"

यावर त्यानं एकही विनोद केला नाही.

"पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाला होतात ना?" तो हळूच म्हणाला. "पण अजून बाहेर कुठे पडलात? उंबऱ्याच्या आतच आहात. लोक जाऊ देत. मी मशीनवाल्या काकांना शेवट पुन्हा लावायला सांगतो."

"ही पळवाट झाली."

"झाली. चालेल?"

तिनं नाक ओढलं. चाललं.

रिकाम्या थिएटरात आता ते दोघंच. मावशींनी दार लोटून घेतलं. पडद्यावर टकल्या सरदार एकटाच चर्चच्या पायरीवर बसला. झोळीतून एक जुनी बाहुली काढली, त्याच्या लेकीची. तिला पोटाशी धरून तो उजाडायची वाट बघत राहिला. ऊन आलं, आणि सरदार संपला.

भीतीचं काही नव्हतंच. बाबा तिचे डोळे झाकायचे ते स्वतः रडताना तिनं बघू नये म्हणून!

"लबाड!" ती मनातल्या मनात बाबांवर चिडली आणि गाल पुसत बसली. शेजारचा बूट अजून जमिनीवर दाबलेला होता. तिनं हळूच आपली चप्पल त्याच्यावर टेकवली.

"असं नका करू..." तो कुजबुजला. "आधीच ब्रेक लागत नाहीये. तुम्ही मला... म्हणजे... मला तुम्ही फार आवडता."

"शू! पिक्चर चालू आहे."

नावांची पाटी अगदी शेवटपर्यंत सरकली, कवळी करणाऱ्याच्या नावासकट. दिवे लागले. तिची चप्पल होती तिथेच होती.

"तुम्ही मध्येच बोललात," ती फणकारली. "म्हणजे तुम्हीही हरलात."

"हरलो."

"मग पैज फिटली. पुढच्या शनिवारी मी येणार."

"या ना. पण मघाशी मी जे म्हणालो, त्याचं...?"

"मला नाही ऐकू आलं! पिक्चर चालू होता." तिनं त्याच्या मांडीवरचा माईक उचलून पलीकडच्या खुर्चीवर ठेवला आणि त्याच्याकडे वळून बसली. "हं, आता सांगा. पहिल्यापासून."