चिमटा लागला?

ही घटना खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी.

तुमचा विश्वास बसणार नाही, ते मला माहीत आहे. या पानावर रोज दहा जण येऊन "सत्य घटना" लिहितात आणि त्यातल्या नऊ जणांनी घराबाहेर पाऊलही टाकलेलं नसतं. भुतं ठरलेली. मध्यरात्र, रडणारं कुत्रं, उलटे पाय. माझ्याकडे यातलं काहीच नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

माझ्याकडे दुपार आहे. गुरुवार, सव्वातीन वाजता. लख्ख ऊन.

जागा म्हणजे केमिकलच्या कारखान्यामागची खोली. पत्र्याचं छप्पर, दोन बाजूंना जाळी, एक मोठा पंखा आणि ओळीने उभे निळे ड्रम. मी तिथला स्टोअरकीपर. एकोणीस वर्षं तिच्या दाराबाहेरच्या एकाच टेबलाशी बसतोय.

ड्रममधल्या द्रवाचं खरं नाव हातभर लांब आहे. साहेब लोकांनाही कागदात बघून वाचावं लागतं. आम्ही त्याला "तिखट" म्हणतो. दिसायला पाण्यासारखं. झाकण उघडलं की डोळ्यांना धार लागते, घसा खवखवतो, कातडीवर पडलं तर लाल चट्टे उठतात. आणि पेटायला त्याला काडी लागत नाही. ओतता ओतता ड्रमवर वीज साठते, डोळ्यांना न दिसणारी. तिची एक ठिणगी पुरते.

म्हणून चिमटा.

एक लांब वायर, तिच्या दोन टोकांना दोन चिमटे. एक ड्रमच्या स्टँडला. दुसरा माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी पट्टीला. ती पट्टी जमिनीत खोल गाडलेली आहे, साठलेली वीज तिथून खाली जाते. ओतणाऱ्याला माझ्या मागचा चिमटा दिसत नाही, मध्ये ड्रमची रांग येते. म्हणून झाकण उघडण्याआधी तो मोठ्याने विचारतो, "लागला?"

मी मान वळवायची. डोळ्यांनी बघायचं. आणि सांगायचं, "लागला."

एवढंच काम. शेंबड्या पोरालाही जमेल.

ही पद्धत पाणबुड्याने पाडली. तिखट ओतणारा आमचा जुना माणूस. ओतताना तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर तो मोठा बंद चष्मा; चष्मा तर कायम, चहा पितानासुद्धा, म्हणून पाणबुड्या. नाव मीच ठेवलं होतं.

इतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आसपास प्लास्टिकची बादली दिसली की तिच्यावर वीज साठते म्हणून याचा आरडाओरडा सुरू. कोणी लोखंडी पाना आणला तर हातातून हिसकून घ्यायचा. याला पितळीच हवा, का तर पितळेची ठिणगी उडत नाही. त्या पान्याने ड्रमवर तीनदा ठोकायचा. टण. टण. टण. मग चष्म्याचा रबरी पट्टा ओढून सोडायचा. चट्. आणि मग विचारायचा.

वर उपदेश. "भाऊ, तिखटाचा वास यायचा बंद झाला ना, तर समजायचं आपलं नाक मेलं. विचार करत बसायचं नाही. बाहेर पळायचं."

"तू आत्ताच बाहेर जा ना," मी म्हणायचो. "तिथूनच ओत."

सगळे हसायचे. तोही हसायचा, बावळट.

तीन वर्षांपूर्वी, गुरुवारीच, सव्वातीनला तो भाजला. दुसऱ्या दिवशी गेला.

चौकशीत निघालं की माझ्या मागचा चिमटा सुटलेला होता. सकाळी रंगारी पट्टीला पिवळा रंग देऊन गेला होता. तपासणीला पाहुणे येणार, पट्टी छान दिसायला हवी ना. त्यासाठी त्याने चिमटा काढला आणि तसाच खाली सोडून दिला.

साहेबांनी मला विचारलं, "त्याने झाकण उघडण्याआधी विचारलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. विचारलंच नाही."

अहवालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

त्याने विचारलं होतं. मी शब्दकोडं सोडवत होतो. मान न वळवता म्हणालो होतो, "लागला."

आता बसा तोंडाचा आ करून. भूत अजून यायचंय.

आठवड्याने त्याची बायको त्याचं सामान न्यायला गेटवर आली. चपला, डबा, एक जादा चष्मा. मीच नेऊन दिलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊजी, हे विसरले असतील असं वाटत नाही हो. घरी गॅसचं बटण तीनदा बघायचे."

"वहिनी, माणूस आहे," मी म्हणालो. "विसरतो."

तिने मान हलवली. म्हणाली, "मुलगी रागावलीय त्यांच्यावर. म्हणते, बाबांनी स्वतःच्याच चुकीने आम्हाला उघड्यावर टाकलं."

मी पिशवी तिच्या हातात दिली आणि आत आलो.

त्यानंतर त्या कामावर कोणी टिकेना. शेवटी माझ्या मेहुण्याला चिकटवला. बायकोचा धाकटा भाऊ. आळस अंगात इतका की जांभई द्यायलाही कोणी मदत केली तर बरं, असा. बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं, "त्याच्याकडे नीट लक्ष ठेवा. त्याला काही झालं तर मी आईला तोंड दाखवू शकणार नाही. आणि तुमचंही तोंड बघणार नाही."

सुरक्षेसाठी नवा साहेबही आला. आम्ही त्याला स्लाइडवाला म्हणतो. तिखट किती धोक्याचं हे तो एसीत बसून पडद्यावर दाखवतो. ड्रमजवळ एकदा आला तेव्हा त्याने रुमाल नाकाला लावला आणि "वास फार आहे हो" म्हणाला. वा रे तज्ज्ञ.

मग दोन महिन्यांपूर्वी, एका आठवड्यात ते सुरू झालं.

सोमवारी सव्वातीनला मेहुणा चहाला गेला होता. मी एकटा. खोली बंद. आणि आतून...

टण.

टण.

टण.

उन्हाने पत्रा तापतो, फुगतो, वाजतो. मी मान खाली घातली आणि कोडं सोडवायला लागलो.

मंगळवारी तेच. शिवाय शेवटी एक बारीक आवाज...

चट्.

पत्रा चट् वाजत नाही. रबर वाजतं.

मी कुलूप उघडून आत गेलो. कोणी नव्हतं. पितळी पाना खिळ्याला लटकत होता. हात लावला तर गरम, आत्ताच कोणाच्या तरी मुठीतून सुटावा तसा. बुधवारी मी चहाची वेळच बदलली आणि मेहुण्याबरोबर बाहेर जाऊन बसलो. घाबरलो म्हणून नाही. तसं वाटत असेल तर वाटू दे.

गुरुवार.

सकाळी स्लाइडवाला कॅमेरा घेऊन आला. त्याला चिमट्याचा फोटो हवा होता, नव्या स्लाइडसाठी. फोटो काढून, कपडे झटकून गेला. मी पेपर वाचत होतो.

दुपारी मेहुणा आत गेला. "भाऊजी, चार कॅन भरायचेत. लवकर उरकू, मला जायचंय."

"तुला कधी जायचं नसतं?"

तो आत काहीतरी पुटपुटला. ड्रम तिरका केल्याचा आवाज आला. स्टँड करकरला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

वास येत नव्हता.

एकोणीस वर्षांत त्या खोलीत तिखटाचा वास नाही असा एक क्षण गेला नव्हता. टाकी धुतली तरी असतो, सुट्टीनंतर आलो तरी असतो. डोळे कोरडे. घसा मोकळा. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

आतून मेहुण्याने विचारलं, "लागला?"

माझं तोंड उघडलं होतं. "ला" जिभेवर आला होता. तीन वर्षांपूर्वीसारखाच, पेपरातून डोकं वर न काढता.

आणि माझ्या खुर्चीमागून, अगदी मानेजवळून...

"नाही."

दाबलेला आवाज. तोंडावर मास्क असताना येतो तसा.

मी मान वळवली. पट्टी मोकळी होती. चिमटा खाली, वायरला लटकत होता. अजून हलत होता. स्लाइडवाल्याने फोटोसाठी काढला होता आणि परत लावायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि दिवसभर माझ्याही नाही.

मागे कोणी नव्हतं. फक्त भिंत.

"थांब!" मी ओरडलो. "हात लावू नकोस झाकणाला."

"थांबलोय ना," आतून मेहुणा वैतागून म्हणाला. "तुम्हीच नाही म्हणालात. आणि मास्क घालून कशाला बोलता, नीट कळत नाही."

माझ्या तोंडाला मास्क नव्हता.

मी चिमटा पट्टीला लावला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. लागल्याबरोबर वास परत आला. एकदम, थोबाडीत मारल्यासारखा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मेहुणा बाहेर आला, म्हणाला, "रडताय?"

"तिखट," मी म्हणालो.

स्लाइडवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने माझं अभिनंदन केलं. चिमटा कोणी काढला होता हे बोललाच नाही. आता त्याच्या स्लाइडवर मी आहे. "सजग कर्मचारी." फोटोत मी त्या पिवळ्या पट्टीशेजारी उभा आहे. माझ्याकडे बघून मलाच थुंकावंसं वाटतं.

कोणी म्हणेल, चांगलं भूत आहे, वाचवलं की. मीही तसंच म्हणत होतो. चार दिवस.

पाचव्या दिवसापासून तो विचारायला लागला.

रोज. सव्वातीनला. मेहुणा असो नसो, ड्रम उघडायचा असो नसो. तीन ठोके, पट्टा, आणि ड्रमच्या रांगेमागून...

"लागला?"

मी मान वळवतो. बघतो. म्हणतो, "लागला."

मग पुन्हा, "लागला?"

रोज मी सांगतो, चिमट्याला हात लावून सांगतो. तो पुन्हा विचारतो. त्याला आजचा चिमटा नकोच आहे, हे कळायला मला तीन आठवडे लागले. मी स्वतःला हुशार समजतो म्हणून सांगतोय.

मी साहेबांना सांगितलं होतं, त्याने विचारलंच नाही. म्हणून तो विचारतोय.

गेल्या रविवारी मी त्याच्या घरापर्यंत गेलो. दार उघडं होतं. वहिनी ओट्याशी उभी होती, मुलगी भिंतीकडे तोंड करून अभ्यास करत होती. भिंतीवर त्याचा फोटो होता, चष्म्याशिवाय. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच बघितले. मग मी जिना उतरलो. नोकरी आहे, पेन्शनला चार वर्षं आहेत, बायको आहे. कारणांची मला कधी वाण पडली नाही.

म्हणून इथे लिहितोय. इथे कोणी काही खरं मानत नाही. तुम्ही अंगावर काटा आला म्हणून लिहाल, खाली हात जोडाल आणि पुढच्या गोष्टीकडे जाल. मला तेच हवं होतं. खरं सांगायला मी नेमकी अशी जागा शोधली जिथे ते मोजलं जात नाही. त्याला भित्रा म्हणायचो मी.

आत्ता घरी आहे. सुट्टी आहे. घड्याळात सव्वातीन. या घरात ड्रम नाही, पाना नाही, पट्टी नाही.

तरी मागे आत्ता ठोके पडले. तीन.

चट्.

"लागला?"

मी मान वळवली नाही. पण या वेळी खरं बोललो. मोठ्याने.

"नाही. लागला नव्हता. तू विचारलं होतंस."

आतून बायकोने विचारलं, "कोणाशी बोलताय? काय विचारलं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.



आणि मागे पुन्हा पहिला ठोका पडला.