चेनकव्हरवरचा ओरखडा

थोरलीने माळ्यावरची सायकल खाली काढली ती निव्वळ नाइलाजाने. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं तिचं काम, आणि मालकाने दुकान हलवलं ते थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला. बस तिथवर जात नव्हती. पायी जावं, तर घरच्या म्हाताऱ्याचं सगळं आवरून वेळेत पोचणं अशक्य. धाकटी बहीण लग्न करून सुटली होती. फोनवर "बाबांना जप गं" एवढं म्हणायला मात्र ती विसरायची नाही.

सायकल आईची. काळी, बायकी, बिनदांड्याची. थोरली शाळेत होती तेव्हा एका दुपारी आई त्या सायकलवरून बाहेर पडली, ती परत आलीच नाही. सायकल तेवढी तलावाच्या भिंतीला टेकवलेली सापडली, व्यवस्थित कुलूप लावून. कोणी म्हणालं बुडाली, कोणी म्हणालं पळाली. बाप म्हणाला, "गेली. विषय संपला." आणि त्याने सायकल माळ्यावर टाकून दिली.

बाप गिरणीतला जुना फिटर. मुंगीच्या पायातलं घुंगरू ऐकू येईल असे कान. यंत्राजवळ न जाताच कुठला पट्टा सैल झालाय ते तो लांबून सांगायचा. पुढे जिन्यावरून पडला, कमरेखालचं अंग लुळं झालं, पायांच्या काटक्या झाल्या. पण सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट होती, आणि तिथून तो घरावर राज्य करायचा. भात मऊ झाला की ताट भिंतीवर. हाकेला उशीर झाला की मुद्दाम अंथरूण ओलं करायचा, आणि ती चादर बदलत असताना निवांत म्हणायचा, "तुझं हे थोबाड बघूनच गेली तुझी आई."

पहिल्या दिवशी ती सायकलवरून घरी आली, तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. ती दारात उतरते न उतरते तोच आतून बाप म्हणाला, "आवाज येतोय."

"जुनी आहे. येणारच."

"ठोंबे, जुनी म्हणून आवाज येत नसतो. काहीतरी बिघडलं म्हणून येतो."

दुसऱ्या दिवशी तिलाही ऐकू आला. बारीक होता, पण पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला यायचा. खर्र… टक. खर्र… टक. कुणीतरी वाळकं पान पायाने ओढत मागून चालतंय, असा. एकदा ऐकू आल्यावर मग तो सुटेना. दुकानात काच घासतानाही तिच्या कानात तोच वाजत राहायचा.

रविवारी बापाने फर्मान सोडलं. तिने खिडकीसमोरच्या गल्लीत फेऱ्या मारायच्या आणि त्याने ऐकायचं.

"पाय थांबव, नुसती जाऊ दे. येतो?"

"नाही."

"म्हणजे चाकं नाहीत. उभी राहून मार. आता?"

"येतोय."

"म्हणजे सीट नाही. आत आण तिला."

मग खाटेपाशी वर्तमानपत्रं पसरून सायकल उलटी केली. बाप सांगायचा, ती करायची. पायडलची पिन बदलली, आतले छर्रे नवे घातले, चेन रॉकेलमध्ये धुतली. खोलीभर ग्रीसचा आणि गंजाचा वास भरला. त्या दुपारी बाप तिच्यावर एकदाही खेकसला नाही. एकदा तर "हात बरा आहे तुझा" असंही म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला बाप आहे.

आवाज मात्र जाईना. चेन काढली, तरी नुसतं पायडल फिरवलं की खर्र… टक. बाप इरेला पेटला. "सगळं सोडव," म्हणाला. तिने चाकं काढली, पायडलं काढली, चेनकव्हर काढलं. सगळे भाग कागदावर मांडले, कोंबडी सोलून ठेवावी तसे.

"आता हात लावू नकोस," बाप म्हणाला. दोघं गप्प बसली.

खर्र… टक.

फिरायला काही उरलंच नव्हतं. तरीही तो आला, अगदी संथ, पूर्वीच्याच लयीत. खर्र… टक. आवाज कागदावरच्या चेनकव्हरमधून येत होता. थोरलीने दोन बोटांनी ते उचललं. पत्रा सगळा गंजलेला, पण बाहेरच्या अंगाला मागच्या टोकाशी एक ओरखडा होता, बोटभर रुंद, आरशासारखा लखलखीत. जणू आत्ताच कुणीतरी घासून पुसून ठेवला होता.

"काय आहे? दाखव इकडे."

तिने दाखवला. बापाने बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. इतक्या वर्षांत तिने त्याला चिडलेला पाहिला होता, रडवणारा पाहिला होता. घाबरलेला ती आज पाहत होती.

"फेकून दे," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता… सगळी फेकून दे."

संध्याकाळी ती शेजारच्या मावशीकडे गेली. आईला ओळखणारं त्या गल्लीत तेवढं एकच माणूस उरलं होतं. मावशी दोरीवरचे कपडे काढत होती.

"घासायचीच गं तिची टाच," मावशी म्हणाली. "उजवं पाऊल बाहेर वळलेलं होतं ना. पायडल मारताना कव्हरला लागायचं. ती गल्लीत शिरली की आम्हाला न बघता कळायचं."

"जन्मापासून तसं होतं?"

"छे. लग्नात चांगली तुरुतुरु चालत होती. नंतर हाड मोडलं, आणि त्याने दवाखान्यात नेलं नाही. बसलं तसंच वाकडं."

"मोडलं कशानं?"

मावशीने कपड्यांचा ढीग छातीशी धरला आणि आत जाता जाता म्हणाली, "तुझ्या बापाला विचार."

तिने विचारलं. हात धड असूनही तो भरवून घ्यायचा; तसं भरवताना, घास हातात धरून.

"पडली होती," बाप म्हणाला.

"कशी?"

"घास दे."

"कशी पडली, बाबा?"

त्याने तोंड फिरवलं. त्या रात्री ताट भिंतीवर गेलं नाही.

थोरलीने सायकल फेकली नाही. सगळे भाग पुन्हा नीट जोडले, तेल दिलं, आणि सकाळी कामाला निघताना ती बापाच्या खोलीत आणून खाटेला लागून स्टँडवर उभी केली.

"बाहेर ओल आहे," ती म्हणाली. "गंज चढेल."

बापाला कळायचं ते कळलं. "बाळ," तो म्हणाला. "बाळ… नको गं."

ही हाक तिने जन्मात ऐकली नव्हती. तिला कीव यायला हवी होती. पण उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं, तसं तिला गार वाटलं. तिने दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि पायीच निघाली.

मग रोजचंच झालं. बापाची मिजास उतरली होती. पुढ्यात येईल ते खायचा, सांगेल तेव्हा कूस वळवायचा, त्यामुळे आवरायला वेळ लागेना आणि ती चालत जाऊनही वेळेत पोचायची. वाटेत कधी कधी गुणगुणायचीसुद्धा. संध्याकाळी परत यायची, तेव्हा बाप घामाने निथळत पडलेला असायचा. अख्खा तांब्या एका दमात प्यायचा आणि आणखी मागायचा. भीतीने घसा सुकतो, तिला वाटायचं. बरं होतंय, असंही वाटायचं.

एका रविवारी मावशी डोकावली आणि म्हणाली, "तब्येत सुधारली हो यांची. चेहऱ्यावर रंग आला."

रंग आला होता खरा. दाढी करताना थोरलीने नीट पाहिलं. वर्षानुवर्षं घरात पडून पांढराफटक झालेला बाप कपाळावर आणि नाकावर रापला होता. मानेमागची कातडी सोलून निघत होती, दिवसदिवस उन्हात काढणाऱ्या माणसाची निघते तशी. वस्तरा तिच्या हातात थांबला. बाप तिच्याकडे टक लावून बघत होता. तिने विचारावं म्हणून वाट बघत होता.

तिने विचारलं नाही. वस्तरा पुसला आणि दुसरा गाल केला.

शेवटच्या सकाळी तिने सायकल जवळ आणली, तेव्हा बापाने तिचं मनगट धरलं. त्याच्या पकडीत जोर होता.

"आजच्या दिवस बाहेर ठेव," तो कुजबुजला. "आज… आज लांब जायचं म्हणतेय."

"कोण म्हणतंय?"

तो रडायला लागला. लहान मुलासारखा, नाक ओढत. "तुझ्या पाया पडतो. मला जमणार नाही गं… फार लांब आहे."

"कोण म्हणतंय, बाबा? नाव घ्या की."

त्याने दारामागे कुणी उभं असल्यासारखं तिच्या खांद्यावरून बघितलं आणि मान हलवली. नाव घेतलं नाही.

"तुम्हीच म्हणाला होता ना," थोरली म्हणाली, "विषय संपला?"

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. कुलूप लावलं आणि किल्ली हातात धरून दारापाशी उभी राहिली. आत सुरुवातीला नुसते हुंदके ऐकू येत होते. मग… खर्र. टक. खर्र… टक. आधी जड, अडखळत, चढावर निघाल्यासारखं. मग लय सापडली. मग वेग आला. हुंदक्यांची धाप झाली.

दार उघडायला एक क्षण पुरला असता. ती पायरी उतरून गेली. त्या दिवशी दुकानात तिच्या हातून एकही काच फुटली नाही.

संध्याकाळी बाप मेलेला होता. डोळे उघडे, तोंड वासलेलं, सदऱ्यावर घाम वाळून मिठाच्या रेघा उठलेल्या. सायकल जिथे ठेवली होती तिथेच स्टँडवर उभी. डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, मग पायावरचं पांघरूण सरकवलं आणि थबकले.

"हे चालायचे?"

"नाही. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते."

डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली. काटकी नव्हतीच ती. दगडासारखी घट्ट, फुगलेली, शिरा तटतटलेली पोटरी होती. त्यांनी थोरलीकडे एकदा बघितलं, पांघरूण परत ओढलं आणि कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून घाईने निघून गेले.

न्यायला गाडी यायची होती. गुडघे वाकलेले होते, तसं कसं न्यायचं, म्हणून मावशी आणि थोरली पाय सरळ करायला बसल्या. मावशीने उजवा पाय दाबून खाली केला, तर डावा गुडघा वर आला. थोरलीने डावा दाबला, तर उजवा वर आला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. दोघींनी खूप वेळ प्रयत्न केला.

मग मावशी एकदम थांबली. "अगं," ती म्हणाली, "मी हात कधीचाच काढलाय…"

थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते तिच्या मांडीवर होते.