सात दात्यांचं चाक

"उस्ताद आहेत का?"

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या एका हातात साखळीची करवत होती, आणि दुसऱ्या हाताने तो तिच्यातून निघणारा धूर वारत होता.

"नाहीत," ती म्हणाली.

"कधी येतील?"

तिने पाना खाली ठेवला. "चार महिने झाले त्यांना जाऊन. मी त्यांची मुलगी. काम मला सांगा."

त्याने करवत बाकावर अगदी अलगद ठेवली, आवाज होऊ न देता. तिला तेवढ्यानेच बरं वाटलं.

तो लाकडी नावा बांधायचा. वर्षभर दूरच्या किनाऱ्यावर कामाला होता, म्हणून त्याला काही कळलं नव्हतं. नव्या नावेच्या कण्यासाठी त्याने वखारीतलं एक खोड ठरवलं होतं – दोन फूट जाड, लोखंडासारखं कठीण. मुळाकडचा गड्डा कापल्याशिवाय ते ट्रॉलीत मावत नव्हतं. वखारीतल्या करवतींनी केव्हाच हात टेकले होते, आणि त्याची करवत चार बोटं आत गेली की घुसमटत होती.

"शनिवारी चारपर्यंत उचललं नाही, तर मामा ते जळणाच्या गाडीत घालणार," तो म्हणाला. मामा म्हणजे वखारवाले. "असं खोड पुन्हा दहा वर्षांत मिळायचं नाही."

तो वार होता सोमवार. तिने साखळीला धार लावून दिली.

मंगळवारी तो परत हजर.

"चालली नाही?"

"चालली ना. माझ्यावर उपकार केल्यासारखी चालली, आणि मग बसली रुसून."

"तुम्ही काही बोललात का तिला?"

"गोड बोललो, रागावून पाहिलं… शेवटी म्हटलं, तुझी तक्रार सांगतो दुकानात."

ती हसू दाबत कार्ब्युरेटर साफ करू लागली. तो बाकावर बसून तिचे हात बघत राहिला – आणि तिने वर पाहिलं की भिंतीवरचे पाने मोजू लागे.

बुधवारी तिने प्लग बदलला. गुरुवारी फिल्टर. करवत होती तिथेच होती. तो मात्र रोज थोडा लवकर येऊ लागला, आणि तीही साडेदहाच्या सुमारास उगाच दाराकडे बघू लागली.

शुक्रवारी तिने बाजूचं झाकण उघडलं आणि हात तसाच थांबवला. आत साखळी फिरवणारं छोटं चाक होतं – स्प्रॉकेट. आठ दात्यांचं. साखळी तिथून पुढे लांब लोखंडी पट्टीवर, म्हणजे बारवर, जात होती.

"हे…" ती म्हणाली.

"ते उस्तादांच्या हातचं आहे," तो घाईने म्हणाला. "त्याला नको हात लावायला."

"मला सोमवारीच दिसलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "मलाही शंका होती. पण म्हटलं, तुमच्यासमोर कसं बोलायचं…"

म्हणजे चार दिवस दोघंही एकाच चाकाभोवती घुटमळत होते.

ती खुर्ची ओढून बसली. "बाबांनी हे बसवलं, तेव्हा तुम्ही मऊ फळ्या कापत होतात. बारही छोटा होता. आठ दात्यांनी साखळी पळते वेगात, पण तिचा जोर कमी पडतो. त्यावर तुम्ही चढवलात अठ्ठावीस इंची बार, आणि घातलीत करवत कठीण लाकडात. चढावर जड गिअरमध्ये सायकल मारायची, तीही डबल सीट… ती बिचारी करणार काय?"

"मग?"

"सात दात्यांचं चाक. वीस इंची बार, त्याच्या मापाची नवी साखळी. लाकडात एका वेळी साखळीचे कमी दाते जातील, आणि जातील ते जोराने जातील."

"उस्तादांना चाललं असतं?"

तिने पाना उचलला. "बाबांनी ते पहिल्याच दिवशी काढलं असतं. आणि चार दिवस घालवले म्हणून मला टपली मारली असती."

नट घट्ट बसला होता. त्याने मदतीला हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला. तिने एकटीने जोर लावला… आणि नट सुटला.

शनिवारी तीन वाजता वखारीत मामा खोडावरच बसले होते. जळणाची गाडी मागे उभी होती.

"अगं पोरी, खोड एवढं आणि बार एवढासा? कान कोरायला आणलाय का?"

"दोन्ही बाजूंनी कापायचं, मामा. आधी तुम्ही उठा, नाहीतर तुमच्यासकट कापीन."

मामा पुटपुटत उठले. नाववाल्याने करवत तिच्यापुढे धरली. "जुळणी तुमची. काप तुमचा."

तिने गॉगल चढवला, दोरी ओढली. करवत लाकडात शिरली – चार बोटं, वीतभर… आवाज खाली गेला – आणि पुन्हा चढला. पीठ नाही, जाड पापुद्रे उडू लागले. लाकडाचा कडवट गोड वास पसरला. ती दुसऱ्या बाजूला गेली. दोन्ही काप मधोमध भेटले, आणि गड्डा धप्पकन जमिनीवर आला. घड्याळात साडेतीनसुद्धा झाले नव्हते.

मामांनी कापावरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवला. "सोमवारी माझ्या तीन करवती पाठवतो," ते म्हणाले. "बघ जरा, तुला काय वाटतं ते." आणि त्यांनी जळणाच्या गाडीला हाताने खूण केली – जा.

ती खळखळून हसली. गॉगल काढून डोळे पुसले. "भुसा गेलाय," तिने सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

ट्रॉलीवर खोड चढलं, दोर आवळले गेले, तरी तो निघेना.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "नाव पाण्यात जायला आठ महिने लागतील. तेवढे दिवस तुमच्याकडे यायचं, तर रोज काहीतरी बिघडवावं लागेल. आणि माझ्याकडे एवढ्या वस्तू नाहीत हो."

तिच्या पापण्यांवर अजून लाकडाची धूळ होती. तिने ती पुसली नाही.

"मग काही न बिघडवता या."

"उद्या?"

"दुकान दहाला उघडतं," ती म्हणाली, आणि दोन पावलं जाऊन मागे वळली. "मी नऊलाच येते."